सव्वा रुपयाचं भाडं

मी छापील किंमत कधी दिलेली नाही. छत्रीची नाही, डॉक्टरची नाही, पश्चिम मांबलममधल्या माझ्या दुकानाच्या गाळ्याची तर नाहीच नाही. सोळाव्या वर्षी तंजावरहून मद्रासला आलो तेव्हा खिशात एक ओळखीचं पत्र होतं आणि पायात दुसऱ्याच्या चपला. ज्यांच्या नावे पत्र होतं ते गृहस्थ महिनाभर आधीच बदली होऊन निघून गेले होते. त्यानंतर जे काही मिळालं ते घासाघीस करून मिळालं. म्हणूनच ती एक गोष्ट मला अजून पचलेली नाही. जन्मभर दुसऱ्याकडून कमी करून घेतलं, त्यात कधी फसलो नाही. एकदाच स्वतःच्या हाताने समोरच्याला कमी करून दिलं, आणि त्यात बुडालो. आज इतकी वर्षं झाली तरी विम्याचा कागद दिसला की माझं डोकं तापतं.

माझा धंदा जुन्या टाइपरायटरांचा. कचेऱ्या लिलावात काढतात ती यंत्रं घ्यायची, रॉकेलने धुवायची, वाकलेली अक्षरं सरळ करायची आणि टायपिंग इन्स्टिट्यूटना विकायची किंवा महिन्याच्या भाड्याने द्यायची. साठ सालच्या आसपास मद्रासमध्ये गल्लीगल्लीत इन्स्टिट्यूट होत्या. मॅट्रिक झालेला मुलगा किंवा मुलगी सकाळी उठून आधी टायपिंगला जायची, मग बाकीचं जग. पुढे चेंगलपट, कांचीपुरम, तिंडिवनम इथूनही मागणी यायला लागली. यंत्र बसच्या टपावर टाकलं की खाली उतरताना त्याचा कणा मोडलेला असे. दोनदा असं झाल्यावर मी ठरवलं, आपली गाडी हवी.

चहाच्या कंपनीतला एक साहेब कायमचा विलायतेला परत चालला होता. त्याची काळी, चार दारांची, म्हातारी गाडी मी तीन रविवार बोलून घेतली. पहिल्या रविवारी त्याने मला हाकलून दिलं, दुसऱ्या रविवारी चहा दिला, तिसऱ्या रविवारी किल्ली दिली. मागची बैठक काढली की आठ यंत्रं बसत. त्या गाडीने मला तीन गावं मिळवून दिली. गाडी गेली तर गावं गेली आणि मी परत मांबलममधला एक दुकानदार, हे मला पहिल्या दिवसापासून स्वच्छ ठाऊक होतं.

गाडी नावावर करायला गेलो तेव्हा कारकून म्हणाला, विम्याचा दाखला आणा, त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी एक एजंट दुकानात हजर झाला. बारीक माणूस, विजारीला सायकलची क्लिप, काखेत कातडी पिशवी. तमिळमध्ये बोलणं झालं ते असं :

"सार, दोन तऱ्हा आहेत. एक पुरा विमा. गाडी, आग, चोरी, आतली माणसं, बाहेरची माणसं, सगळं. दुसरा, कायद्याला लागतो तेवढाच."

"कायद्याला किती लागतो?"

"रस्त्यावरच्या माणसाला तुमच्या गाडीने इजा झाली तर त्याची भरपाई. बस्स."

"आणि आत बसलेल्या माणसाचं?"

"तो पैसे देऊन बसला असेल, म्हणजे बस किंवा टॅक्सीत, तर त्याची काळजी कायद्याला आहे. फुकट बसलेल्याची नाही. तुमच्या गाडीत तुमचीच माणसं बसणार, सार. थोडे जास्त भरा."

"माझ्या माणसांचं मी बघतो. कायद्याला लागतो तेवढाच दे. त्याहून एक अक्षर जास्त नको."

मला ते फार हुशारीचं वाटलं. सरकारला जेवढं हवं तेवढंच द्यायचं. त्याने दरपत्रक काढलं. मी म्हटलं, कमी कर. तो म्हणाला, "दर सगळ्या कंपन्यांचा एकच, सार, छापलेला आहे. यात माझ्या हातात काही नाही."

"तुझं कमिशनही छापलेलं आहे का?"

 तासाभरात मी त्याचं अर्ध्याहून जास्त कमिशन त्याच्याकडून काढून घेतलं. जाताना तो म्हणाला, "तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं मिळाली तर मला सायकल विकावी लागेल." मी हसलो. पंधरा दिवसांनी पॉलिसी आली तेव्हा त्याने ती काउंटरवर टाकली आणि सायकलवरून उतरलासुद्धा नाही. बाकी गिऱ्हाइकांकडे तो बसतो, कॉफी घेतो, काय करायचं, काय नाही ते समजावतो, असं मला मागाहून कळलं. मी त्याचं कमिशन कापलं, त्याने माझं समजावणं कापलं.

पॉलिसी चार पानी, इंग्रजीत, टाइप केलेली. मी इंग्रजी यंत्रं विकत होतो. कोणतं अक्षर झिजलंय ते लांबून सांगू शकत होतो. पण सलग चार पानं इंग्रजी वाचायची म्हणजे मला दुपार लागली असती. नाव बघितलं, गाडीचा नंबर बघितला, रक्कम बघितली. 'ई' अक्षराच्या पोटात शाई भरली होती, म्हणजे त्यांच्या यंत्राला साफसफाई हवी होती, हेही बघितलं. मग कागद खणात ठेवला.

आता माझ्या थोरल्या बहिणीकडे येतो. अक्का तिरुवल्लिक्केणीला राहायची. भाऊजी तिथल्या हायस्कुलात गणित शिकवत. पोस्टाने एखाद्या पाकिटावर शिक्का मारायचा राहिला तर दुसरा माणूस ते तिकीट सोडवून पुन्हा वापरेल. भाऊजी ते पोस्टात नेऊन शिक्का मारून आणतील, अशी त्यांची जात. त्यांची मुलगी, माझी भाची, चोविशीला आली होती आणि लग्न जुळत नव्हतं. आमचा तंजावरकडच्या मराठी लोकांचा समाज मद्रासमध्ये मूठभर. एक स्थळ सगोत्र निघायचं, दुसऱ्याला मुलीची नोकरी चालायची नाही, तिसरं पुण्याचं आलं तर त्यांना आमची मराठी ऐकून हसू आवरेना. मग कुणीतरी अक्काला सांगितलं, तिरुविडंदैला जाऊन ये.

तिरुविडंदै हे कोवलमच्या पलीकडे, समुद्राजवळचं खेडं. तिथल्या पेरुमाळचं, म्हणजे विष्णूचं, रोज लग्न लागतं. लग्न न जुळलेल्या मुलीने तिथे दोन हार न्यायचे, एक देवाला घालायचा, दुसरा पुजारी तिच्या गळ्यात घालतो. तो घालून देवळाला नऊ प्रदक्षिणा करायच्या आणि तो हार घरी नेऊन टांगून ठेवायचा. लग्न झालं की नवराबायकोने तो वाळका हार घेऊन परत जायचं. अक्का म्हणाली, "तुझी गाडी आहे. आम्हाला ने." मी म्हटलं, नेतो. यात विचार करायचं काय होतं?

शुक्रवारी सकाळी मागची बैठक परत बसवून मी त्यांच्या दारात गाडी उभी केली. भाची हारांचं केळीच्या पानातलं पुडकं घेऊन आधीच मागे बसली. भाऊजी मात्र दार धरून उभे. अक्काने पदराखालून विड्याची दोन पानं, सुपारी आणि त्यावर पाचाची नोट काढली.

"हे काय?" मी म्हटलं.

"घे. दुसऱ्याच्या खर्चाने देवाला गेलं तर पुण्य त्या दुसऱ्याला लागतं," भाऊजी म्हणाले. "तुला पुण्य लागून काय उपयोग? लग्न हिचं व्हायचं आहे."

हा नियम आमच्या घरात जुनाच. तंजावरला आजोबा कुंभकोणच्या मेळ्याला शेजाऱ्याच्या बैलगाडीतून जात तेव्हा बैलांच्या पेंडीचे पैसे उतरायच्या आधी हातावर ठेवत. मला तो ठाऊक होता, पण स्वतःच्या बहिणीकडून पाच रुपये घ्यायचे म्हणजे माझ्या अंगावर काटा आला.

"मी घेणार नाही."

"मग आम्ही बसने जातो," भाऊजी म्हणाले आणि भाचीला म्हणाले, "उतर गं."

"मामा, घ्या ना," भाची आतून म्हणाली, "हार सुकतायत."

"बरं, एक रुपया द्या."

"पाच लिटर तरी पेट्रोल लागेल. तीन घे."

"सव्वा. शुभ आकडा आहे. याच्यावर एक पैसा घेणार नाही."

"दोन तरी..."

"सव्वा! नाहीतर मी गाडी परत नेतो!"

भर रस्त्यात माझा आवाज चढला. समोरच्या घरातला म्हातारा गॅलरीत आला. अक्काने कपाळाला हात लावला, आत जाऊन एक रुपयाचं नाणं आणि पावली आणली, त्यांना हळदकुंकू लावलं आणि विड्यासकट माझ्या हातावर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी उलटी घासाघीस केली होती, आणि जिंकलो म्हणून मला बरं वाटत होतं. ती नाणी मी चिंधीत बांधून गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवली. खर्च करायची नव्हतीच.

दर्शन छान झालं. परतताना भाचीच्या गळ्यात हार होता, तो घरी पोचेपर्यंत काढायचा नव्हता. कोवलमचा फाटा सोडून केळंबाक्कमकडे निघालो. दोन्ही बाजूंना मिठागरं, उन्हाने डोळे दिपत होते. मागून भाऊजी म्हणाले, "जरा हळू." मी म्हटलं, "ही गाडी यापेक्षा हळू चालली तर थांबेल." आणि हे म्हणताना मान वळवली. नाकारत नाही. तेवढ्यात उभ्या बसच्या मागून एक सायकल आडवी आली. मी ब्रेक दाबला, तरी पुढचा बंपर तिला लागलाच.

तो कोवलमचा मासेवाला होता, सायकलला टोपली बांधून केळंबाक्कमच्या बाजाराला चाललेला. नडगीचं हाड मोडलं होतं. आम्ही त्याला गाडीत घेतला. तो स्वतःपेक्षा टोपलीसाठी जास्त ओरडत होता, म्हणून टोपलीही घेतली. भाचीने हार घातलेल्या अवस्थेत त्याचा पाय मांडीवर सरळ धरून ठेवला, रॉयपेट्टा इस्पितळापर्यंत. टोपलीखालून बर्फाचं पाणी गळत होतं. जन्मात मासा न शिवलेली अक्का एक शब्द बोलली नाही.

पोलिसांनी कागद मागितले. मी दाखला काढून दिला तेव्हा खरं सांगतो, मी शांत होतो. माणसाला लागलं याचं वाईट वाटत होतं, पण मनात म्हणत होतो, यासाठीच तर कागद घेतला. रस्त्यावरचा माणूस, कायद्याने सांगितलेला. त्याची भरपाई कंपनी देईल, माझी गाडी माझ्याकडे राहील.

महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. ते मला शेजारच्या इन्स्टिट्यूटच्या मास्तराने वाचून दाखवलं. अपघाताच्या वेळी गाडी मोबदला घेऊन उतारू नेत होती, पॉलिसीत तशा वापराला मनाई आहे, भाड्याचं परमिट गाडीला नाही, सबब कंपनीवर जबाबदारी नाही.

मला आधी कळेचना. उतारू? मोबदला? मग डोक्यात प्रकाश पडला. मी तसाच तिरुवल्लिक्केणीला गेलो. भाऊजी झोपाळ्यावर बसून वह्या तपासत होते.

"तुमच्याकडे कंपनीचा माणूस आला होता?"

"शाळेत आला होता. सभ्य माणूस. काय काय घडलं विचारत होता."

"तुम्ही त्याला सव्वा रुपयाचं सांगितलंत?"

"हो."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"त्यानेच विचारलं. गाडीवाल्याला काही दिलंत का, म्हणाला. मी सांगितलं, दिलं. मग त्याने लिहून सही घेतली."

"नाही म्हणायचं होतं!"

भाऊजींनी चष्मा काढला. "नाही कसं म्हणू? नाही म्हणजे आम्ही फुकट गेलो. मग त्या जाण्याचं फळ काय?"

मी गाडीतून आणलेली चिंधी सोडून ती दोन नाणी झोपाळ्यावर आपटली. "हे घ्या परत! आता दिले नाहीत असं म्हणता येईल."

"परत घेतले तर दिलेलं मोडलं," ते म्हणाले आणि बोटाने नाणी माझ्याकडे सरकवली.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "जन्मभर लोकांचे भाव पाडलेस," ती म्हणाली, "आता आमच्या देवाचाही पाडायला आलास?"

मी जेवायला न थांबता निघालो. नाणी मात्र उचलून नेली. तिथे ठेवली असती तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मांबलमला आणून दिली असती.

एजंटला गाठलं. तो म्हणाला, "पाठच्या पानावर लिहिलंय, सार. भाड्याने किंवा मोबदल्याने वापर नाही. मी सगळ्यांना सांगतो."

"मला नाही सांगितलंस!"

"तुम्ही बसायला कुठे सांगितलं होतं, सार?"

मासेवाल्याने क्लेम ट्रायब्युनलपुढे अर्ज केला. माझे वकील मैलापूरचे, फी छापील, एक रुपया कमी करेनात. ते म्हणाले, घाबरू नका. नातलगाने देवाच्या निमित्ताने हातावर काही ठेवलं तर त्याला भाडं म्हणत नाहीत. फक्त तुमच्या मेहुण्यांनी साक्षीत सांगायला हवं की हा ओवाळणीसारखा प्रकार होता, सौदा नव्हता. मी अक्कामार्फत तेवढा निरोप धाडला. भाऊजींनी उत्तर दिलं, "जे झालं ते सांगेन." हे ऐकून वकील खूश झाले. मी झालो नाही. मी त्या माणसाला पंचवीस वर्षं ओळखत होतो.

साक्षीच्या दिवशी भाऊजी धुतलेलं उपरणं घेऊन आले होते. आमच्या वकिलांनी विचारलं, पैसे का दिलेत? त्यांनी पुण्याचा नियम नीट समजावून सांगितला. न्यायाधीश तमिळ गृहस्थ, त्यांनी मान हलवली. त्यांच्या घरीही असंच काही असावं. मला हायसं वाटलं. मग कंपनीचा वकील उठला. तरुण, मवाळ आवाजाचा.

"ही रक्कम गाडीमालकाने मागितली?"

"नाही, नाही," भाऊजी माझी बाजू घ्यायला पुढे सरसावून म्हणाले, "त्याने तर कमी करून घेतली. मी पाच देत होतो. तो एक म्हणाला. मी तीन म्हणालो. शेवटी सव्वावर ठरलं."

"सव्वावर ठरलं. आणि ठरलं नसतं तर?"

"तर तो गाडी परत नेणार होता. तसं तो म्हणाला."

"मोठ्याने म्हणाले?"

"त्याचा आवाज मोठाच आहे."

कोर्टात लोक हसले. वकील हसला नाही. तो न्यायाधीशांकडे वळून म्हणाला की दोन्ही बाजूंनी आकडे सांगितले गेले, एका आकड्यावर एकमत झालं, ते झालं नसतं तर प्रवास झाला नसता. याला दुसरं काय म्हणतात?

मी उभा राहिलो. "अहो, मी कमी करत होतो! स्वतःचं भाडं कोण कमी करतो? पैसे अजून तसेच आहेत, हे बघा!" आणि खिशातून चिंधी काढली. न्यायाधीश म्हणाले, खाली बसा. मी बसलो नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा वकिलांनी माझा सदरा धरून मला खाली ओढलं. चिंधी सुटून पावली बाकाखाली गेली. ती भाऊजींनी वाकून शोधून दिली.

निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मासेवाल्याला भरपाई द्यायची, ती मी. वकील म्हणाले, हायकोर्टात जाऊ, तिथे हे टिकणार नाही, दोन-तीन वर्षं लागतील. मी अपिलाला तयार होतो. रागाच्या भरात मी आणखी चार कोर्टं चढलो असतो.

पण मासेवाल्याची बायको दुकानाच्या पायरीवर येऊन बसायला लागली. आठवड्यातून दोनदा कोवलमहून बस धरून यायची. भांडायची नाही, शिव्या द्यायची नाही. नुसती बसायची. तो अजून कुबडीवर होता, सायकल चालवता येत नव्हती, टोपली ती डोक्यावरून नेत होती. मी तिला समजावलं की हे पैसे खरं तर कंपनीने द्यायचे आहेत, वर दाद मागितली तर दोन-तीन वर्षं जातील, त्यापेक्षा निम्मे घे, मी वर जात नाही, मिटवून टाकू.

ती म्हणाली, "सार, मासे घ्यायला आला असतात तर मी भाव केला असता. तुमच्यासारखी गिऱ्हाइकं रोज येतात माझ्याकडे. हा त्याचा पाय आहे."

मी म्हटलं, "पाऊण घे."

ती पदराने तोंड पुसून माझ्याकडे बघत राहिली. मी टेबलावरच्या यंत्राची पट्टी उगाच इकडून तिकडे सरकवली. तोवर मला रागच येत होता, कंपनीचा, एजंटचा, भाऊजींचा. त्या दिवशी पहिल्यांदा माझी मलाच लाज वाटली, आणि त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या आठवड्यात गाडी विकली. घेणारा पल्लावरमचा कंत्राटदार होता. त्याने आकडा सांगितला आणि मी हो म्हटलं. तो जरा चपापलाच, गाडीत काही खोट आहे की काय म्हणून खाली वाकून बघून आला. मासेवाल्याला पूर्ण रक्कम पोचवली. अपील केलं नाही, कारण वकिलांच्या छापील फीला आता पैसेच उरले नव्हते. ते आजही भेटले की म्हणतात, वर गेला असतात तर नक्की जिंकला असतात. हे ऐकायला मला किती बरं वाटत असेल याची कल्पना करा. चेंगलपट, कांचीपुरम, तिंडिवनम वर्षभरात दुसऱ्या एका दुकानदाराकडे गेले. त्याच्याकडे व्हॅन होती. व्हॅनला पुरा विमा होता, हेही मी चौकशी करून ठेवलं.

आणि भाचीचं लग्न जुळलं. मुलगा आमच्यातलाच, त्रिचीचा, रेल्वेत नोकरीला. भाऊजींनी माझ्याकडे सव्वा रुपया वसूल झाल्यासारखं बघितलं. लग्नानंतर वाळका हार देवाला परत करायला जायचं ठरलं. अक्काने निरोप पाठवला, तूही ये. मी म्हटलं, माझ्याकडे गाडी नाही. ती म्हणाली, म्हणूनच बोलावतेय.

बसने गेलो. भाऊजी पुढच्या बाकावर, त्यांनी आपली आणि अक्काची तिकिटं काढली, नव्या जावयाने स्वतःची आणि भाचीची. कंडक्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, यांचं? भाऊजींनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि विचारात पडले. माझं काढलं तर पुण्याचा हिशेब चुकतो, न काढलं तर मेहुण्याला बोलावून तिकीट काढायला लावलं असं दिसतं. मी म्हटलं, "माझं मी काढतो. या गाडीत पैसे देऊन बसलेल्यांची काळजी कायद्याला आहे. मला फुकट बसायचं नाही."

मी दहाची नोट पुढे केली. कंडक्टर खेकसला, "सकाळी सकाळी दहाची नोट! सुट्टे नसतील तर उतरा." मागच्यांकडे सुट्टे नव्हते. मी सगळे खिसे चाचपले. आतल्या खिशात ती चिंधी होती. देवळातल्या हुंडीत, म्हणजे दानपेटीत, टाकून एकदाचं मोकळं व्हावं म्हणून बरोबर घेतली होती. मी ती सोडली. रुपयाच्या नाण्यावर अजून हळदीचा डाग होता. कंडक्टरने तो अंगठ्याने खरवडून पाहिला, नाणं पिशवीत टाकलं, पावली टाकली आणि तिकीट फाडून दिलं.

भाऊजी सगळं बघत होते.

"म्हणजे तू आमच्या पैशाने चाललास," ते म्हणाले. आवाजात कुचेष्टा नव्हती, त्यांना खरोखरच काळजी वाटली होती. "या फेरीचं तुझं पुण्य आमच्याकडे आलं."

"न्या," मी म्हटलं. "गाडी नेलीत, आता पुण्यही न्या."

अक्का खिडकीकडे तोंड करून हसत होती, खांदे हलताना दिसत होते. बस सुटली. तिकीट सव्वा रुपयापेक्षा कमीचं होतं आणि कंडक्टर वरचे पैसे न देताच पुढे गेला होता. मी उठलो, दांड्यांना धरत धरत त्याच्यापर्यंत गेलो आणि ते मागून घेतले.